पत्र्यापलीकडचा खोकला

खडोलीच्या कारखान्यात सुताचा भुगा नाकातोंडात घेत आणि सुट्टी झाली की बिडी ओढत नथूने अर्धं आयुष्य काढलं. धुळ्याकडून सिल्वासाला आला तेव्हा छाती दणकट होती. आता रोज सकाळी चहाच्या आधी खोकल्याची उबळ यायची आणि कफ पडल्याशिवाय थांबायची नाही.

दवाखान्यातल्या मृणाल डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि स्पष्ट सांगितलं, "टीबी नाही. जुना ब्रॉन्कायटिस आहे. फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या आतून सुजल्यात, तिथे कफ साचतो. तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. बिडी सोडा, कामावर तोंडाला फडकं बांधा. आणि खोकला दाबू नका, कफ बाहेर पडू द्या."

पण हे चाळीला कोण समजावणार? खोकणाऱ्याचा पेला चाळीत लगेच वेगळा होतो. नथूने कुणी सांगायच्या आधीच स्वतःचा पेला वेगळा केला होता. चांगला शहाणा माणूस, पण लाजेपुढे अक्कल गहाण टाकून बसला.

मुलीला, रोशनीला, बघायला गलोंड्याहून पाहुणे येणार ठरलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "मी ड्युटीवर गेलो असं सांग. माझा खोकला ऐकला तर पोरीचं जमायचं नाही."

मंजुळाबाईने वाद न घालता शेजारच्या खोलीची किल्ली मागून आणली. ते त्याला फार लागलं.

रविवारी पाहुणे आले. इस्त्रीचा सदरा घालून पोरीचा बाप शेजारच्या संजूच्या रिकाम्या खोलीत लपून बसला. मध्ये नुसता पत्रा. पलीकडे कपबशा वाजल्या आणि नेमकी उबळ आली. नथूने गमछ्याचा बोळा तोंडात कोंबला. डॉक्टरांनी नको म्हटलेलं तेच केलं. कफ आत अडकला, श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मग बोळा गळून पडला आणि खोकला असा फुटला की पत्रा हादरला.

"कोन आहे?" मुलाच्या आईने विचारलं.

"शेजारचा म्हातारा," रोशनीच चटकन म्हणाली. "त्याला जुना खोकला आहे."

पोरीच्या तोंडून ते ऐकून नथूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शिकवलं कुणी? त्यानेच.

"अगं, जीव चाललाय त्याचा!" म्हणत ती बाई पाण्याचा पेला घेऊन थेट संजूच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. हा चेहरा तिने आत्ताच रोशनीच्या घरातल्या भिंतीवर, फोटोत पाहिला होता. मागोमाग रोशनी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"टीबी नाही हो," नथू कसाबसा म्हणाला. "कुणाला लागत नाही. पोरीला बोल लावू नका."

"आधी पानी प्या, व्याही."

पाहुण्यांसाठी काढलेला तो नवा पेला होता. नथूने तो उंच धरला आणि तोंड न लावता वरून पाणी ओतून घेऊ लागला. पाणी सदऱ्यावर सांडलं.

"तोंड लावून प्या," ती म्हणाली.

नथूने पेल्याला तोंड लावलं. रोशनी रडत होती, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.