अंजिराखालची पेटी

बेकाच्या खोऱ्यात शिकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून अबू नसीफ मिरवत असे. सप्टेंबर लागला की पेट्रोल पंपावर खुर्ची टाकून नियम सांगत बसायचा. समुद्र ओलांडून दमून आलेला लावा पक्षी आपल्या जातीची हाक ऐकून विश्वासाने खाली उतरतो. रेकॉर्ड केलेली हाक वाजवून त्याला फसवणं हा शुद्ध हलकटपणा आहे, असं त्याचं म्हणणं. याच गुन्ह्यासाठी त्याने तन्नूस न्हाव्याचा शिकारीचा परवाना काढून घेतला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बायकोला, वदादला, या प्रवचनाची किळस यायची. घरच्या गॅलरीत पिंजऱ्यात लावा कशासाठी ठेवलाय, हे तिला ठाऊक होतं. विकतची हाक गावातली पोरंटोरंही ओळखतात, म्हणून हा शहाणा दर साली ताजी हाक स्वतः फोनवर भरून घ्यायचा आणि रानात लपवलेल्या आवाजाच्या पेटीतून वाजवायचा. यंदाही तो फोन पिंजऱ्याला लावून उभा राहिला, तेव्हा ती मागून चांगली खणखणीत बोलली. तो वळलासुद्धा नाही. चाळीस वर्षं बंदुका उडवून त्याचे कान गेले होते, आणि कानात यंत्र घालायला अध्यक्षांना कमीपणा वाटायचा. शिवाय बायकोचं ऐकू न येणं त्याला सोयीचंच होतं.

रविवारी उजाडताना मंडळ त्याच्या घरालगतच्या रानात जमलं. परवाना परत मागायला तन्नूसही आला होता. वदाद गॅलरीतून बघत होती. अंजिराखालून लावे बोलू लागले आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, तसा अबू नसीफ छाती पुढे काढून म्हणाला, की नियम पाळणाऱ्याच्या रानात पक्षी आपणहून येतो, आणि लबाडाला यंदाही परवाना मिळायचा नाही.

तेवढ्यात अंजिराखालून बाईचा आवाज आला.

“अबू नसीफ, न्हाव्याचा परवाना काढून घेतलात आणि स्वतः तेच करता. लाज नाही वाटत?”

तो आवाज वदादचाच होता. आपलं बोलणं पेटीत गेलं असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पुन्हा लावे बोलले, पुन्हा ती बोलली. माणसं पोट धरून हसली. लोक आपल्या बोलण्यावर खूश झाले असं समजून अबू नसीफही हसला. तन्नूसने पेटी उचलून त्याच्या हातात ठेवली, तेव्हा कुठे त्याचं तोंड उतरलं.

तन्नूसला परवाना देऊन आणि अध्यक्षपद सोडून तो दुपारी घरी आला.

“काय होतं गं त्या पेटीत? कुणी सांगेना.”

“चाळीस वर्षं सांगतेय तेच,” वदाद कॉफी ओतत म्हणाली.

“आं?” त्याने कान पुढे केला.

तिने परत सांगितलं नाही. गावाने ऐकलं होतं, तेवढं तिला पुरे होतं.