मागच्या बाकावरचे पांढरे शर्ट

पांढऱ्या शर्टावर इस्त्री फिरताना तापल्या कापडाचा वास आला, की गडचिरोलीचं ते कोर्ट आठवतं. आम्ही कायद्याचे विद्यार्थी, सगळे पांढऱ्या शर्टात, मारहाणीचा खटला बघायला मागच्या बाकावर बसलो होतो. आरोपी गावपुढारी होता. साक्षीदार बाईनं वकिलाचा प्रश्न ऐकला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले काई दिसलं नाई." हिला कोणीतरी धमकावलंय, आम्ही कुजबुजलो, दाराशी आमच्यासारख्याच पांढऱ्या शर्टात उभ्या पुढाऱ्याच्या भावावर आमचा संशय. नंतर व्हरांड्यात तिनं मलाच हात जोडले. "भाऊ, तुमच्या सायबाच्या विरोधात मी काई बोलली नाई. आता माह्या पोराले हात नोका लावू." आता मी वकिली करतो, आणि साक्षीआधी मागच्या बाकावर कोण बसलंय ते बघून घेतो.