मी वाचलेली शेवटची ओळ

बाईच्या दुखण्याबद्दल बी.एस्सी. शिकणाऱ्या मुलाने लिहावं का, हे मला अजून कळत नाही. चुकलं तर माफ करा. पण ते दुखणं वाढवायला माझा हात लागला आहे, म्हणून लिहितो.

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच. वहिनी चाकणच्या एका कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर आठ तास उभी असते. दर महिन्याला दोन दिवस ती पोट धरून, भिंतीकडे तोंड करून पडायची. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं. शेवटी दादाने तिची सोनोग्राफी करून घेतली आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला. मी तो उभ्या उभ्या चाळला, शेवटची ओळ पाहिली आणि सांगून टाकलं, सगळं नॉर्मल आहे.

"भाऊजी, नीट वाचलंत ना?" वहिनीने विचारलं. मला त्याचा रागच आला.

आईने तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवला. वहिनी आडवी झाली की तो बाहेर निघायचा, शेजारणींनाही दाखवला जायचा. नाटकं करते, याला आता पुरावा होता. वहिनी गोळी गिळून कंपनीच्या बसमध्ये चढायची. दादानेही तपासून घ्यावं, असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी वर्गात दाह, म्हणजे शरीरात आतून येणारी सूज, शिकवला. तासानंतर मी घाबरत मॅडमना वहिनीच्या दुखण्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी कधी कधी बाहेर वाढतात. तिथे दाह होत राहतो, आतले अवयव एकमेकांना चिकटतात, मूल राहणं अवघड होतं. आणि सोनोग्राफीत पुष्कळदा यातलं काहीच दिसत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला.

घरी येऊन आईला म्हटलं, माझं चुकलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तवाबी तूच वाचलं व्हतं. आता तुझं कुठलं खरं मानू?"

मग दादाशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. आठवड्याने तो वहिनीला पिंपरीच्या दवाखान्यात घेऊन गेला. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. बाहेर आलो तर दादाचा फोन. आत सगळं चिकटलेलं निघालं, गर्भाशयाची एक नळी बंद आहे, एवढं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "शुद्धीवर आल्या आल्या तिने एकच विचारलं, काही सापडलं का? मी हो म्हटलं, तर हसली रे ती."