नकाशाबाईंनी बिघडवलेला पाठ

माझ्या नाकावर राग असतो असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. गणिताच्या मास्तरचा राग लोक खपवून घेतात. पण या खेपेचा राग नेहमीचा नाही. तीन महिने झाले तो उतरत नाहीये. तो कोणाकोणावर आहे ते एकदा सांगून टाकतो.

पहिला त्या पोरगेल्या प्रशिक्षकावर. आमच्या शाळेत आठवीच्या वर्गातला फळा काढून मोठा पडदा लावला, भिंतीलगत सहा संगणक मांडले, आणि हा गृहस्थ आम्हा शिक्षकांना चार दुपारी शिकवायला आला. आमच्या भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या. वय चोपन्न. पोरं त्यांना नकाशाबाई म्हणतात, कारण गेली अठ्ठावीस वर्षं वर्गावर जाताना त्यांच्या काखेत गुंडाळलेला नकाशा असतोच. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारचं टेबल त्यांचं. माझ्या खोक्यातला खडू त्या न विचारता घेतात, आणि माझा चष्मा हरवला की तो कुठे असेल हे मान वर न करता सांगतात, इतकी आमची ओळख.

बाईंनी माउस धरला. पडद्यावरचा बाण कुठे गेला ते त्या बघत होत्या, तेवढ्यात प्रशिक्षकाने त्यांच्या हाताखालून माउस काढून घेतला. "राहू द्या मॅडम, मी करतो." त्याने चार-दोन टिचक्या मारल्या, पडद्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "झालं. आलं ना लक्षात?" बाई हो म्हणाल्या. काय करतात बिचाऱ्या. चारही दुपारी हेच चाललं. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली, बाईंनाही दिलं. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा माउस त्यांच्या हातात राहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात वर्गात व्हायचं तेच झालं. नकाशा मोठा करायला गेल्या आणि पडदाभर नुसता निळा समुद्र आला. पोरं हसली. पहिल्या बाकावरचा एकजण धावत आला, "बाई, द्या इकडे." घरी मुलगाही तेच म्हणे, "आई, दे इकडे." आणि मधल्या सुट्टीत त्या मला विचारायला आल्या, तेव्हा मीही त्यांच्या हातातून माउस घेतला. मला वाटलं, मी मदत करतोय.

बाई माझ्यावर उखडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सर, तुम्ही पोरांना भागाकार शिकवता तेव्हा त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेता का?"

"नाही."

"मग माझ्या हातात काय काटे आहेत?"

मी माउस खाली ठेवला.

"हात मागे घ्या. दोन्ही. पाठीशी धरा. आता सांगा काय करायचं ते, तोंडाने."

वाचायला सोपं वाटतं, करून बघा. एक साधं पान उघडायला आम्हाला वीस मिनिटं लागली. माझे हात मागे वळवळत होते. "वर, वर, त्याच्या बाजूला, नाही, दुसऱ्या बाजूला" असं ओरडून घसा बसला. पण दहा दिवसांत बाई स्वतः शोधायला लागल्या. महिन्याभरात तर मला विचारायच्या, "हे कोणी लिहिलंय, ते कुठे दिसतं?" आता सांगायला हरकत नाही, मला ते माहीत नव्हतं. मी पहिलं जे दिसेल ते खरं मानून मोकळा होत असे. माझी ऐट केवढी, तर कळफलक न बघता टाइप करतो याची.

त्यांनी हाच नियम वर्गात लावला. ज्याला येतं त्याने हात मागे बांधून उभं राहायचं आणि ज्याला येत नाही त्याने संगणकापुढे बसायचं. घरी संगणक असलेली पोरं पहिले दोन दिवस रडकुंडीला आली. मग मजा वाटायला लागली. मागच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसायची. माझ्या गणिताच्या तासाला वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती आता पडद्यासमोर उभी राहून म्हणायची, "बाई, या पानावर तारीखच नाही, कशावरून नवीन?" बाई म्हणायच्या, "मला माहीत नाही. अजून कुठे सापडतं ते बघ." बाईंच्या तासाला मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत असे. भिंतीपलीकडून हे "मला माहीत नाही" दिवसातून चारदा ऐकू यायचं आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, या बाईंना जरा तरी संकोच वाटतो का?

दुसरा राग हेडसरांवर. शिक्षण खात्याची तपासणी जवळ आली तशी त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं, मलाही बोलावलं, कारण तपासणीच्या पाठाला शाळेचा एक ज्येष्ठ शिक्षक निरीक्षक म्हणून बसतो आणि तो मी होतो. टेबलावर एक छापील कागद. विषय, ऑनलाइन शोधातून भूगोल. खाली सगळं लिहून ठेवलेलं. बाईंनी विचारायचं, जगातली सर्वांत लांब नदी कोणती. तिसऱ्या संगणकावरच्या मुलाने अमुक शब्द टाइप करायचे. दुसऱ्या ओळीवर टिचकी मारायची. पहिल्या बाकावरच्या मुलीने उठून सांगायचं, नाईल, सहा हजार सहाशे पन्नास किलोमीटर. मग सगळ्यांनी टाळ्या. टाळ्यासुद्धा लिहिल्या होत्या.

"उत्तर आधीच ठरलंय, तर पोरांनी शोधायचं काय?" बाईंनी विचारलं.

"बाई, आठ दिवस सराव घ्या. एकही चूक नको मला." हेडसर कागदावर बोट आपटत म्हणाले. "आणि स्पष्टच सांगतो. तुम्हाला हे तंत्रज्ञान झेपत नाही अशी तक्रार आली आहे आधीच. पाठ बिघडला तर आठवीचा भूगोल दुसऱ्याकडे जाईल, आणि तुम्ही ग्रंथालयात."

आमचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. तीन कपाटं, एक खुर्ची, आणि वरून पोरांच्या पायांचा धडधडाट. बाईंची नोकरीची चार वर्षं उरली होती. ती तिथे बसून काढायची म्हणजे जिवंतपणी अडगळीत जाणं. त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि खरंच आठ दिवस सराव घेतला. भिंतीपलीकडून मला रोज टाळ्या ऐकू येत.

तपासणीच्या दिवशी अधिकारी साहेब मागच्या खुर्चीत बसले, शेजारी हेडसर, त्यांच्या शेजारी मी, मांडीवर फॉर्म. पाठ सुरळीत चालला होता. प्रश्न झाला, टाइप झालं, टिचकी झाली. पहिल्या बाकावरची मुलगी उठून नाईल म्हणाली, आकडा म्हणाली. टाळ्या पडणार, इतक्यात सहाव्या संगणकावरून चष्मेवालीने हात वर केला. तिच्यासाठी कागदात एकही ओळ नव्हती.

"बाई, दुसऱ्या पानावर सहा हजार सहाशे पंच्याण्णव आहे. आणि तिसऱ्यावर म्हणतात की ॲमेझॉनच जास्त लांब आहे."

हेडसरांनी तिला हातानेच खाली बस अशी खूण केली. ती बसली नाही, कारण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती. बाईंनी एकदा मागे, आमच्याकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हटलं असतं तरी पुरे होतं की शाबास, पण आपलं उत्तर बरोबर आहे, बस खाली. अर्धं वाक्य. पुढची चार वर्षं वाचली असती.

"मग खरं कुठलं?" मुलीने विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "कोणी मोजलं, कुठून मोजलं, कधी मोजलं, ते सगळेजण बघा."

मग वर्गाचा बाजार झाला. सहा संगणकांभोवती चाळीस पोरं, निम्म्यांचे हात पाठीशी, सगळी एकदम बोलतायत. एकाला सापडलं की नदीचा उगम कुठला धरायचा यावरच भांडण आहे. दुसरीने सांगितलं, मुखाशीही तेच, नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला यावर एकमत नाही. कोणीतरी पानावरची जुनी तारीख शोधून काढली आणि बाकीच्यांनी त्याला घेरलं. मी बावीस वर्षं शिकवतोय, पण तपासणीचा साहेब मागे बसलेला असताना त्याला विसरून गेलेला वर्ग मी दुसरा पाहिला नाही. घंटा झाली तरी उत्तर निघालं नव्हतं. पोरं भांडतच बाहेर गेली.

साहेब उठले. "निष्कर्ष काय निघाला?" त्यांनी बाईंना विचारलं.

"अजून नाही निघाला," बाई म्हणाल्या. घाम पुसत होत्या, पण चेहरा उजळला होता.

साहेबांनी माझ्याकडचा फॉर्म मागितला. त्यावर एक रकाना होता, शिक्षकास विषयाचे ज्ञान आहे काय. साहेबांनी स्वतःच्या पेनने लिहिलं, विद्यार्थिनीच्या थेट प्रश्नाला शिक्षिकेने 'मला माहीत नाही' असे उत्तर दिले. त्याखाली लिहिलं, पाठास निष्कर्ष नाही, वर्गात शिस्त नाही. मग फॉर्म माझ्यापुढे धरला. "तुम्ही ऐकलंत ना हे? सही करा."

तिसरा राग इथे सुरू होतो.

ऐकलं तर मी होतंच. शब्द न् शब्द खरा होता. मी म्हणू शकलो असतो की साहेब, हेच तर शिकवणं आहे, एवढी वर्षं आम्हा कोणाला जमलं नाही ते. निदान म्हणू शकलो असतो की सही उद्या करतो. हेडसर माझ्याकडे बघत होते. मी शेपूट घातली आणि सही केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

पंधरा दिवसांनी आदेश लागला. बाई ग्रंथालयात. आठवीचा भूगोल, संगणकाचे उत्तम ज्ञान असल्याकारणाने, माझ्याकडे.

मी जिन्याखाली गेलो. बाई कपाटातली पुस्तकं जमिनीवर काढून विषयवार लावत बसल्या होत्या. वरून सातवीची पोरं धडधडत उतरली, ती जाईपर्यंत आम्हाला थांबावं लागलं.

"बाई, त्या फॉर्मवर माझी सही आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. हेडसरांनी मुद्दाम दाखवला."

"मी नाही म्हणायला हवं होतं."

"का? त्यात खोटं काय लिहिलंय? मी म्हटलंच होतं तसं." त्यांनी हातातलं पुस्तक ढिगावर आपटलं. "तुम्ही भित्रे आहात हे मला आज नाही कळलेलं, सर. राग त्याचा नाहीये."

"मग?"

"त्या पोरांना आत्ता कुठे विचारायची सवय लागली होती. ती आता तुम्हाला विचारतील. तुम्हाला येत नसेल तरी तुम्ही उत्तर द्याल. त्याचा येतोय."

मी म्हणालो, असं नाही होणार. त्या पुन्हा पुस्तकं लावायला लागल्या. मी वर आलो.

दुसऱ्या दिवशी आठवीवर भूगोलाचा पहिला तास. मी झोकात पडदा सुरू केला, एकही टिचकी चुकली नाही. पोरं शांत बसली होती. चष्मेवालीने हात वर केला.

"सर, नदी समुद्राला मिळते तिथले मासे गोड्या पाण्यातले असतात की खाऱ्या?"

मला माहीत नव्हतं. सहा संगणक सुरू होते. चाळीस तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि दारातून हेडसर फेरी मारता मारता आत डोकावले.

"गोड्या," मी म्हणालो, अगदी डोळ्यांनी पाहून आल्यासारखा. तिने मान हलवली, आणि सगळ्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.