रुळाकडेच्या रस्त्याची मोजणी

चहा घेत घेत ऐका. माझा शहाणपणा मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडनं तिखटमीठ लावून कळायला नको.

पाटबंधारे खात्यातनं क्लार्क म्हणून रिटायर झालो आणि तिसऱ्या दिवसापासनं घरात येरझाऱ्या घालायला लागलो. शाहूपुरीतला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. त्यात माणूस घालून घालून किती येरझाऱ्या घालणार? फॅनची पाती पुसून झाली, डबे उघडून बघून झाले. शेवटी बायको फोडणी देत असताना मागं उभा राहून मोहरी तडतडली का, असं विचारायला लागलो. तेव्हा सुलभानं मोपेडची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि दुपारपर्यंत परत येऊ नका म्हणून सांगितलं.

गेलो. उचगावावरनं रुकडीच्या दिशेनं, रेल्वेच्या कडेकडेनं जाणारा जुना रस्ता धरला. ही लाईन संस्थानाच्या काळातली. तिच्या बाजूनं दगडी मोऱ्या आहेत, गेटमनची एक पडकी खोली आहे, आणि चिंचेची झाडं तर अशी की दोघांच्या कवेत एक मावायचं नाही. पण बघतो कोण? सगळं जग हायवेनं पळतंय.

मला वाटलं, ह्या रस्त्याला सरकारनं वारसा रस्ता म्हणून जाहीर करायला पाहिजे. एक पाटी लागेल, चार माणसं सायकली घेऊन येतील, गावातल्या बायकांचं ताक नि गूळ खपेल. आणि मुख्य म्हणजे, एकदा कागदावर नाव चढलं की झाडाला हात लावताना ठेकेदार दहा वेळा विचार करेल.

आता अर्ज करायचा, तर क्लार्क माणूस यादीशिवाय अर्ज करतो का? टेप घेतला, वही घेतली, चुन्याचा डबा घेतला. सहा दिवस रोज सकाळी जाऊन मोऱ्या मोजल्या आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्यानं नंबर टाकला. सहाव्या दिवशी एक वयस्क शेतकरी बांधावरनं आले. बाबगोंडा अण्णा त्यांचं नाव. रस्त्याकडेला त्यांचं उसाचं रान आणि आजोबांनी लावलेल्या चार चिंचा. मी त्यांना टेपचं टोक धरायला लावलं. त्यांनी धरलं, वर घरनं ताक आणून दिलं, आणि मग विचारलं,

"पावणं, काय मोजायलाय?"

"रस्त्याचं काम आहे. वर पाठवायचंय."

"आमचं रान जातंय काय त्यात?"

इथं मी सरळ नाही म्हणायला पाहिजे होतं. पण सगळी नोकरी टेबलामागं काढलेला माणूस. तोंडाला जे वळण पडलंय ते बाहेर आलं. म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही. वरनं काय येतंय बघू."

आणि मोपेडला किक मारून घरी आलो. अर्ज सुवाच्य अक्षरात लिहायचा होता ना!

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन. हा दिलीप उचगावला असतो. म्हणाला, रेल्वेकडेचा रस्ता सहापदरी होणार, कोण साहेब येऊन मोजून गेलाय, झाडं तोडायला नंबर पडलेत, आणि तुमचा प्लॉटपण जाणार.

त्या रस्त्याला लागून माझे तीन गुंठे आहेत, फंडाच्या पैशातनं घेतलेले. साहेब कसा होता विचारलं, तर दिलीपनं डेअरीवर ऐकलेलं सांगितलं: उंच, काळा चष्मा, पांढरी जीप, दोन पोलीस बरोबर.

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं कसं नाही? अहो, माझी उंची पाच फूट दोन इंच. मला एवढंच वाटलं, की मी सहा दिवस तिथं होतो तरी हा माणूस मला दिसला नाही, म्हणजे भलताच बेरकी. दुपारनंतर येत असणार. आणि झाडांचे नंबर? ते मीच टाकलेले, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी म्हटलं, बघा, माझ्या कष्टाचा फायदा घेतला की नाही त्यानं!

मग मला बसवेना. दिवसातनं तीनदा उचगाव गाठायला लागलो. निषेधाचं निवेदन मी लिहिलं, पहिली सही मी केली, गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या आणि शुक्रवारी बांधकाम खात्याच्या कचेरीत नेऊन दिलं. रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात सभा. तिथं मी असा बोललो, असा बोललो, की माझं मलाच खरं वाटेना. शेवटी म्हटलं, त्या साहेबाला एकदा माझ्यासमोर उभा करा.

तिसऱ्या ओळीतनं बाबगोंडा अण्णा उठले. टोपी नीट केली आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"तुमीच आलतासा की."

"कोण, मी?"

"व्हय. मला टेप धराय लावलासा. ताक बी पिलासा."

मी मेव्हण्याकडं बघितलं, मेव्हणा छताकडं बघायला लागला. कसाबसा पिशवीतनं अर्ज काढला आणि वाचून दाखवला, चिंचांच्या यादीसकट. वाचताना मान वर करायचं धाडस झालं नाही.

वाचून झाल्यावर अण्णा म्हणाले, "सरकारनं तोडायच्या आधी आपणच तोडाव्यात म्हणून उद्या करवतवाला सांगितलाय मी." त्यांनी तिथंच फोन लावला आणि त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. झाडं वाचवायला निघालो होतो मी!

पण माणसं मोठ्या मनाची. हसून हसून पुरेवाट झाल्यावर त्यांना कल्पना आवडली. रस्ता वारसा म्हणून जाहीर व्हावा असा ठराव झाला, आणि पहिली सही अण्णांनी केली.

एवढ्यावर मिटलं असतं. पण शुक्रवारचं निवेदन कचेरीत पोचलेलं होतंच. गेल्या आठवड्यात त्याचं उत्तर माझ्या नावानं घरी आलं. रस्ता रुंद करण्याचा कोणताही प्रस्ताव नाही. तक्रारीतील इसम आमच्या कार्यालयाचा नाही. सदर तोतया पुन्हा आढळल्यास आपण त्यास कार्यालयात हजर करावे.

सुलभानं पत्र दोनदा वाचलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, "चला, गाडी काढा. मी मागं धरून बसते, वाटेत पळून जायला नको."