हात दिसले पाहिजेत

खंडेनवमीला आमच्या घरी विळा, खुरपं, कुऱ्हाड, शिलाई मशीन, विहिरीवरची मोटार, सगळ्यांची पूजा होते. गेल्या वर्षी बायकोनं त्या रांगेत स्वतःचा टॅबही मांडला. मी अंघोळ करून येईपर्यंत त्याला हळदीकुंकवाची ओली बोटं लागली होती, फुलानं पाणी शिंपडून झालं होतं, आणि चार्जिंगच्या भोकात कुंकवाचा चिखल बसला होता. गोठ्यात घसरून पाय मोडल्यामुळं ती प्लास्टरमध्ये होती. तरी खुर्चीत बसल्या बसल्या तिनं हे सगळं उरकलं होतं.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"कामाची वस्तू हाय न्हवं? मग? मशीनीला केली, मोटारीला केली, ह्यानंच काय घोडं मारलं?"

संध्याकाळी टॅब बंद पडला तो पडलाच. तांदळात पुरून ठेवला, पंख्याखाली ठेवला. शेवटी दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला आणि मान हलवली. मी बायकोला नको ते बोललो. एरवी ती मला दोन ऐकवते, त्या दिवशी नुसती पदरानं टॅब पुसत राहिली. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती का होती हे मला चांगलं माहीत होतं.

तिची धाकटी बहीण जन्मापासून मुकी-बहिरी. लग्न झालं नाही, भूम गावात भावाकडं असते. मुक्यांच्या शाळेत तिला कुणी घातलं नाही. लहानपणी या दोघी बहिणींनीच हातांची एक भाषा तयार केली, ती जगात या दोघींनाच येते. भावाला जेव, झोप, चल एवढ्या खुणा समजतात. मला तेवढ्याही नाहीत. लेकीनं हा टॅब आणून दिल्यापासून दोघी रोज दुपारी त्याच्यासमोर बसून हातवारे करायच्या, आणि मी पेपर वाचताना मधेच दोघींचं हसू ऐकायचो. माझ्या फोनवर त्यांचं जमत नसे. बायकोच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, फोनच्या पडद्यावर बहिणीची बोटं तिला दिसायचीच नाहीत. "मुंगी हात हलवल्यागत दिसतंय," म्हणायची.

आणि आता त्या बहिणीच्या पित्ताशयात खडे झाले होते. पू धरला होता. सोलापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, आणि बायकोला डॉक्टरांनी गाडीत बसायलाही मनाई केली होती. बहिणीनं आपल्या आईला ऑपरेशनच्या अशाच एका दारातून आत नेताना पाहिलेलं. आई परत आली नाही. आता तिला कोण सांगणार, की तू परत येणार आहेस? सांगू शकणारी एकच बाई, ती इकडं आमच्या बेंबळी गावात खुर्चीला खिळलेली, आणि तिचा टॅब कुंकू खाऊन मेलेला.

"आधीसारखाच आना," मी निघताना ती म्हणाली. "लई भानगडीचा नको. एकदा दाबलं की ती दिसाय पाहिजे. आन् हात दिसले पाहिजेत."

मी शाळेत क्लार्क होतो. पगारबिलं कॉम्प्युटरवर काढलेली, त्यामुळं घरातला इंजिनिअर मीच. धाराशिवला दुकानात गेलो तेव्हा मी काही दिसेल ते उचलून आणलं नाही. दुकानदारानं आधी एक साधा, स्वस्तातला काढून दिला. मी त्याच्यासमोर भराभर हात हलवून बघितला. चित्रात हाताचा नुसता फराटा झाला. दुसऱ्याचंही तेच. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली, पण मी हात हलवतच राहिलो. तिसऱ्यात मात्र बोट न् बोट स्वच्छ उमटलं.

"काका, ह्याचा कॅमेरा मानसामागं फिरतोय," दुकानदार म्हणाला. "मानूस हालला तरी तोंड मधीच."

मला हे फार आवडलं. आमच्या बाईसाहेब जुन्या टॅबसमोर नेहमी तिरप्या बसायच्या, तिकडच्या माणसाला अर्धा वेळ छताचा पंखाच दिसायचा. तो टॅब घेऊन मी घरी आलो. बसल्या जागी त्यातलं जे काढून टाकता येत होतं ते सगळं काढून टाकलं. पडद्यावर फक्त बहिणीचा फोटो ठेवला, तो दाबला की थेट फोन लागणार. बायकोकडून सराव म्हणून मलाच फोन लावून घेतला. माझ्या फोनवर तिचा चेहरा आला, बरोबर मधोमध. इतका नीट तिचा चेहरा मीच कैक वर्षांत बघितला नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच सोलापूरहून मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, आक्काला घ्या लवकर. ताई सुई टोचू देईना झालीय. नर्सच्या हाताला चावली. डॉक्टर म्हन्तेत, आज झालंच पाहिजे, पिशवी आत फुटली तर काय खरं न्हाय."

टॅबला इंटरनेट माझ्याच फोनवरून द्यायचं होतं, म्हणून मी फोन बाजूला ठेवला. बायकोनं फोटो दाबला. पडदा उजळला. खाटेच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी धरून बहीण बसली होती. केस सुटलेले. थोरली दिसली तशी ती पुढं सरकली.

बायकोनं दोन्ही हात उचलले आणि टॅबच्या कोपऱ्यातल्या चौकटीत दिसणारं तिचं स्वतःचं चित्र पुढं धावलं. तिचा चेहरा चौकटभर झाला, हात कडेच्या बाहेर गेले.

तिनं हात खाली घेतले, परत उचलले. पुन्हा तेच. पलीकडं बहिणीनं भावाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि तो तिरका करून खालच्या कडेला डोकावून बघितलं. हात खाली कुठं तरी असतील असं तिला वाटलं असावं. मग तिनं गादीवर तळहात आपटला. एकदा, दोनदा. बोल, बोल.

"अहो, तिला माझं हात दिसंनात! काय आनलंय हे तुमी?"

"थांब, ओरडू नको!" मी तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो.

मी प्लास्टरच्या पायासकट तिची खुर्ची मागं ओढली. ती कळवळली. कॅमेरा दोन क्षण थबकला आणि चेहऱ्यामागं धावत आला. मी पडद्यावर बोट फिरवून बटणं शोधायला लागलो. जे उघडत होतं ते काय आहे ते कळत नव्हतं. चुकून फोन कट झाला तर, या धास्तीनं बोट मधेच मागं घेत होतो. पगारबिलं काढल्याचा काही उपयोग नव्हता. बायकोनं हात गालाजवळ आणून काही सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांची भाषा पोटाजवळून सुरू होऊन डोक्यावरून जाते, ती एवढ्याशा चौकटीत कशी मावणार?

मागून मेव्हण्याचा आवाज आला, "आक्का, डॉक्टर बाहीर आलेत."

बायकोनं पदर तोंडावर ओढला आणि हमसून रडायला लागली.

आणि कोपऱ्यातलं तिचं चित्र मागं सरकलं. आधी खांदे दिसले, मग कोपरं, मग मांडी, प्लास्टरसुद्धा. तोंड सापडेना म्हणून कॅमेऱ्यानं शोधाशोध थांबवली होती. तिनं पदर खाली केला, तसं ते पुन्हा जवळ आलं.

मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो. पदर तिच्या डोक्यावरून पुढं ओढला आणि हनुवटीखाली मुठीत धरून ठेवला.

"आता बोल."

"मला ती दिसंना की!"

"तिला तू दिसायलीस. ती काय करतीय ते मी सांगतो. बोल."

ती बोलायला लागली. दोन्ही हात मोकळे, पोटापासून डोक्यापर्यंत. पडद्यावरची बहीण थांबली. टक लावून बघत राहिली. मग तिचे हात हलले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते नीट बघितले.

"हात पोटाजवळनं पुढं नेला तिनं," मी म्हणालो. "आता मूठ मिटली. आता हात उताणा, रिकामा."

"आई गेली, आली न्हाय, म्हन्तीय," पदराआडून आवाज आला. तिचे हात जोरात चालू झाले. एकच खूण ती पुन्हा पुन्हा करत होती. दोन बोटं लांब जायची आणि वळून छातीपाशी यायची. जायची आणि यायची.

"बघायलीय का?"

"बघायलीय. मान हलवली. आता डोळ्याखालनं गालावर बोट ओढलं तिनं. तुझ्याकडं दाखवलं."

पदराआड तिनं नाक ओढलं.

"रडतीस का, इचारतीय. तोंड का झाकलंय म्हन्तीय."

बायकोनं उजवा हात आडवा, सपाट फिरवला. एवढं मलाही कळलं. नाही, अजिबात नाही. आणि माझ्या मुठीतला पदर ओला होऊन बोटांना चिकटत होता.

पलीकडं बहिणीनं गुडघे सोडले, पाय लांब केले. गाऊनची बाही वर सारली आणि नर्सकडं न बघता हात पुढं केला.

"काय करायलीय? अहो, सांगा की, काय करायलीय ती?"

एका हातानं पदर तसाच धरून मी दुसऱ्या हातानं तिचा हात ओढला, उताणा केला आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं सुई टोचतात तिथं, बोट टेकवलं. ती माझं बोट घट्ट धरून बसून राहिली.