आधी माझी गिरणी तपासा

निरोप आला तेव्हा मी भंडाऱ्यातल्या शाळेच्या कार्यालयात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वर्गवार लावत होते. सासरच्या गावाहून, आंधळगावहून, सकाळच्या एसटीने आलेला आमचा शेजारी दारात थांबला आणि चप्पल काढून आत आला. आमच्या कार्यालयात कोणी चप्पल काढत नाही... तेवढ्यावरूनच मला कळलं. "यमुनाबाई गेल्या जी," तो म्हणाला, "चहा मांगितला, अन् चहा होयेपर्यंत गेल्या." मी हातातला नववीचा गठ्ठा बांधून पुरा केला, कपाट लावलं, किल्ली मुख्याध्यापकांना दिली आणि त्याच्याबरोबर स्टँडवर गेले. रडू आलं ते मोहाडी ओलांडल्यावर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या लोंब्या निसवल्या होत्या. भरडाईचा हंगाम दोन महिन्यांवर आला होता आणि गिरणीवाली बाई नव्हती.

त्याला आज सहा आठवडे झाले. यमुनाबाई माझी थोरली जाऊ. शेती थोरले दीर पाहत. घरासमोरची धानाची गिरणी मात्र पहिल्यापासून बाईंची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी गावात वीज अजून चार-दोन घरांतच होती आणि गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. नवी नवरी म्हणून पहिल्या आठवड्यात मला चुलीपाशी बसवलं होतं. बाई भाजी परतत होत्या, समोर गिरणीत गडी इंजिन चालवत होता. अचानक त्यांनी झारा हवेतच धरला, मान तिरपी केली आणि ओरडल्या, "अरे, थांबव! आजचं तेल बरोबर नाई." गड्याने इंजिन थांबवलं, टाकी पाहिली. तळाशी पाणी होतं. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए. केलेली, मला ते इंजिन आधीही तसंच वाजत होतं आणि नंतरही. बाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. "तू पुस्तक वाचते, मी इंजिन वाचतो," त्या मला म्हणाल्या, आणि लगेच, "भाजी जळून राहिली, पाय जरा."

त्या काळी डिझेलची फार ओढाताण होती. मोहाडीच्या पंपावर डबे घेऊन माणसं बसून असायची. म्हणून आमच्या भागातल्या सगळ्याच गिरण्यांत एक रीत पडली होती. डिझेलच्या डब्यात दोन तांबे मातीचं तेल मिसळायचं. मातीचं तेल म्हणजे रॉकेल, कंट्रोलच्या म्हणजे रेशनच्या दुकानातलं, लोकांच्या दिव्यांसाठी आणि स्टोव्हसाठी आलेलं. त्यामुळे डिझेल पुरवठ्याला यायचं आणि थंडीत इंजिन चटकन सुरू व्हायचं. यात काही चुकीचं आहे असं कोणालाच वाटत नसे. तसा तो मिसळीचा डबा आमच्याकडेही गिरणीच्या कोपऱ्यात उघड ठेवलेला असे, पाण्याच्या माठाशेजारी असावा तसा.

एका वर्षी कंट्रोलच्या तेलाचा वासच बदलला. कंदील भडकायला लागले, काचा काळ्या न पडता तडकायला लागल्या. बाईंनी आमच्या डब्यासाठी आणलेलं तेल मनगटावर थेंबभर घेऊन पाहिलं. खरं रॉकेल त्वचेवर तेलकट रेंगाळतं. हे भुर्रकन उडालं आणि गार लागलं. "पेट्रोलसारखं कायतरी सस्तं मिसळलं हाये कोनीतरी," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यात ते टाकलं नाही, आणि विषय तिथेच संपला. चौथ्या दिवशी दुपारी पलीकडच्या आळीतल्या चंद्रकलाचा स्टोव्ह फुटला. नुकतीच बाळंतीण होऊन सासरी परतली होती. लेकरू बाजूच्या खोलीत होतं म्हणून वाचलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

बाई तिला पाहून आल्या आणि गिरणीच्या ओट्यावर बसून राहिल्या. मी पाणी नेऊन दिलं, घेतलं नाही. "कमल," त्या म्हणाल्या, "मले मालूम होतं. माह्या मनगटानं सांगितलं होतं मले. मी माह्या इंजिनापुरतं पाह्यलं अन् गप बसली." नंतरच्या सबंध आयुष्यात त्यांनी हे वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. "लिही. कलेक्टर साहेबाले."

त्यांच्या मागण्या तीन होत्या आणि शेवटपर्यंत तीनच राहिल्या. टँकर गावात आला की पिंपात ओतण्याआधी लोकांसमोर बाटलीत नमुना काढावा आणि बाटली सीलबंद करावी. सरकारी निरीक्षकाने महिन्यातून एकदा न सांगता यावं. आणि तेलाची पिंपं शाळेच्या भिंतीला लागून ठेवू नयेत. मी आपली शिकल्याप्रमाणे "कृपावंत होऊन" असं लिहिलं, तर बाई म्हणाल्या, "कृपा काहून लिहिते वो? थो काय मायच्या घरून देऊन राहिला? ‘करा’ लिही." मी "करावे" लिहिलं. तेवढ्यावर आमची तडजोड झाली. प्रत्येक अर्जाची नक्कल, पाठवल्याची तारीख, पोच आली की नाही, सगळं मी एका वहीत ठेवत गेले. चार वर्षांत अकरा अर्ज गेले. उत्तरं दोन आली, दोन्हींत "योग्य ती कार्यवाही" होती.

अर्जांबरोबर आम्ही स्वतःही जायला लागलो. एकदा भंडाऱ्याला कलेक्टर कचेरीत कळलं, साहेब कारध्याला दौऱ्यावर आहेत. बाई म्हणाल्या, "मग बसून काय करतं? चाल." वैनगंगेच्या पुलावरून भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन आम्ही दोघी चालत कारध्याला गेलो. साहेब भला माणूस होता. त्याने खुर्च्या दिल्या आणि शांतपणे समजावलं, की तेल कंपनीचं, टँकर ठेकेदाराचा, दुकान सोसायटीचं; सरकारकडे येतो तो फक्त कागद. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "असं का जी?" त्या म्हणाल्या. "तेल थ्याचं, गाडी याची, दुकान तिसऱ्याचं. मंग आग लागली त थे कोनाची?"  साहेबाने अर्ज परत देण्याऐवजी खणात ठेवला. मी वहीत त्या दिवशीच्या नोंदीपुढे एवढंच लिहिलं, "खणात ठेवला."

गावात थट्टा होत असे. सोसायटीचं कंट्रोलचं दुकान चालवणारा रामाजी भरल्या चावडीत म्हणायचा, "यमुनाबाई, सरकार आलं त सुधरत नाई वो काही. खानारं एक तोंड वाढते फक्त." बाई चालता चालता उत्तर देत, "वाढू दे ना बाप्पा. थ्याचं तोंड दिसल तरी. आता खाते थो दिसतच नाई." सरकारवर त्यांचा भाबडा विश्वास होता असं मला कधी वाटलं नाही. तलाठ्यापासून सगळ्यांना त्या नीट ओळखून होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे तेल शंभर घरांत जाऊन पेटणार आहे, ते कसं आहे हे प्रत्येक घराने आपापल्या मनगटावर ओळखावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. ते ओळखण्याचं काम कोणाच्या तरी नावावर असलं पाहिजे, आणि तो चुकला तर विचारता आलं पाहिजे. मी बी.ए.ला नागरिकशास्त्र शिकले, पण शासन कशासाठी असतं हे मला त्या ओट्यावर समजलं.

अखेर निरीक्षक आला तो ऐन पौषात. गिरणीत छतापर्यंत धानाची पोती, बाहेर बैलबंड्यांची रांग. आदल्या दिवशी दुपारी बातमी आली की जीप नदीपलीकडे करडीला आली आहे, उद्या आंधळगाव. मला आधी आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी कोपऱ्यातला तो डबा दिसला. कंट्रोलचं तेल इंजिनात जाळणं हा गुन्हा होता, आणि तपासणी मागणाऱ्या बाईच्याच गिरणीत तो डबा होता. हंगामात गिरणीला सील लागलं तर वर्षाचं उत्पन्न बुडालं. मी हिशेबी बाई. पदर खोचला, डबा उचलला आणि परसातल्या खड्ड्याकडे निघाले. बाई दारातच उभ्या होत्या.

"ठेव थो डबा."

"बाई, पहिले आपल्याकडेच येतील. रामाजी सांगितल्याशिवाय राहणार आहे का?"

"येऊ दे."

"सगळ्याच गिरण्यांत आहे हे. आपण एकट्यांनीच का..."

"सगळ्याइनं अर्ज केला होता का?" त्या म्हणाल्या. "चार वर्सं मी लिहून राहिली, तपासा, तपासा. अन् आता जीप दिसली त मीच डबा लपवू? मंग रामाजीत अन् माह्यात फरक काय रायला?" मी म्हटलं, दाजींना तरी विचारा. दाजी, म्हणजे थोरले दीर, अंगणात चिलीम भरत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिले नोको शिकवू, कमल. गिरणी तिची हाये."

मी डबा खाली ठेवला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी बाईंवर चिडले होते. घरातल्या सात माणसांची यादी माझ्या डोक्यात फिरत होती, पुढच्या वर्षभराची.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक जीपमधून उतरताक्षणी रामाजीने अपेक्षेप्रमाणे सांगितलं, "साहेब, अर्जवाल्या बाईपासूनच सुरू करा." अर्धं गाव मागे आलं. निरीक्षक पंचविशीतला पोरसवदा होता, बिचारा अवघडला होता. बाईंनी त्याला काही शोधू दिलं नाही. स्वतः डबा उचलून मधोमध आणून ठेवला. "आधी माही गिरणी तपासा. यात डिझेल हाये, अन् दोन तांबे मातीचं तेल. मीच टाकलं. लिहा." तो म्हणाला, "बाई, सील लावावं लागेल." "लावा ना. थ्याच्यासाठीच त बलावलं तुमाले." मागून कोणीतरी हसलं. बाहेर बंड्या घेऊन थांबलेले शेतकरी मात्र हसले नाहीत. त्यांना आता पोती मोहाडीला न्यायची होती. दोघा-तिघांनी बाईंना तोंडावर बोल लावले, आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

मग त्या निरीक्षकाच्या पुढे चालत कंट्रोलच्या दुकानात गेल्या. तिथे लोकांसमोर पिंपातून नमुना निघाला, काचेच्या तीन बाटल्यांत, लाखेचं सील लावून. पंचनाम्यावर पहिल्या साक्षीदाराची सही यमुनाबाईंची. अक्षरं सुटी सुटी, पण स्पष्ट.

अहवाल दोन महिन्यांनी आला. त्या दिवशीचं दुकानातलं तेल शुद्ध निघालं. जीप करडीला पोचल्याची बातमी जशी आम्हाला मिळाली तशी दुकानवाल्यांनाही मिळाली असेल, किंवा ते खरंच शुद्ध असेल... मला आजही माहीत नाही. आंधळगावात त्या साली दोषी एकच सापडली, आमची गिरणी. लेखी कबुली आणि हमीपत्र देऊन सील निघालं तेव्हा हंगाम सरला होता. गावाला वर्षभराची करमणूक झाली. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, काय मिळालं यातून?" त्या कोंडा चाळत होत्या. "सील मिळालं," त्या म्हणाल्या. मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या पुढे बोलल्या, "माह्या गिरणीले लागू शकते, त टँकरले बी लागू शकते. हे गावानं डोळ्यानं पाह्यलं ना? आता कोनी म्हनू शकत नाई का सरकार म्हंजे फक्त कागद हाये."

तसंच झालं. त्यानंतर दर टँकरला लोकच नमुना मागायला लागले. पुढच्याच पावसाळ्यात एक टँकर परत गेला. पिंपं शाळेजवळून हलली. निरीक्षक महिन्याला नाही, पण दोन-तीन महिन्यांनी न सांगता येऊ लागला. बाईंनी मात्र मिसळ कायमची सोडली. थंडीत इंजिन तासभर हँडल मारूनही सुरू होत नसे, गडी वैतागायचा आणि बाई त्याला चहा करून द्यायच्या. पुढे विजेची मोटर आली, माझ्या नवऱ्याची बदली भंडाऱ्याला झाली आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. आमच्याकडे गॅस आला तेव्हा त्या मुद्दाम पाहायला आल्या. सिलिंडरभोवती एक फेरी मारली, नळी हुंगली आणि विचारलं, "याले कोन तपासते?"  दुसऱ्या दिवशी आम्ही गॅसच्या एजन्सीत गेलो, आणि मी नवीन वही सुरू केली.

बाईंच्या तेरवीच्या दिवशी आंधळगावात नेमका टँकर आला. जेवणावळीची यादी माझ्याकडे होती, दिव्यांसाठी तेल कमी पडणार होतं, म्हणून मीच कॅन घेऊन दुकानात गेले. बायांची रांग लागली होती. चालक नवा होता, घाईत होता. त्याने नळीचं तोंड पिंपात सोडलं. रांगेतून दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, "थांब नं भाऊ. बाटली कुठं हाये?" एक विशी-बाविशीची सून पुढे झाली. तिला मी ओळखत नव्हते. तिने नमुना घेतला, थेंबभर मनगटावर टाकला, वाट पाहिली, आणि रजिस्टरात पहिल्या साक्षीदाराच्या जागी सही केली. या गावात कधी आलीस, असं मी तिला विचारलं. फाल्गुनात लग्न झालं म्हणाली. बाईंना ती नावानेही नीट ओळखत नव्हती. कोणाची तरी तेरवी आहे एवढं तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "शिकवाचं काय त्यात, बाई?" ती म्हणाली. "इथं असंच करतेत."